चौथीतली परीक्षा आणि तिचा निकाल

आक्षेपक : शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीवर आणण्याचा निर्णय शासनाने २०२५ साली घेतला, तेव्हा त्याचे स्वागत करणाऱ्यांची संख्या पाहून मला खेद वाटला, हे प्रथमच सांगून टाकतो. १९५४-५५ पासून साठ वर्षे ही परीक्षा चौथी-सातवीलाच होत होती, २०१६-१७ मध्ये ती एक इयत्ता पुढे सरकली आणि आता आपल्या मूळ जागी परत आली, एवढाच हा फेरफार आहे, असे आपण म्हणाल. परंतु ज्याच्या वयातून एक वर्ष वजा झाले त्या मुलाच्या बाजूने या हिशोबाकडे कोणी पाहिले आहे असे मला दिसत नाही. चौथीतील मूल नऊ-दहा वर्षांचे असते. त्याचे दुधाचे सगळे दात अजून पडलेले नसतात, आणि या परीक्षेचा रूढ साचा पाहिला तर त्याच्यापुढे दीडशे-दीडशे गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या जातात. प्रत्येकीत पंचाहत्तर प्रश्न आणि अवधी दीड तासाचा, म्हणजे एक प्रश्न वाचायला, त्याचा विचार करायला, चार पर्यायांतून एक निवडायला आणि त्याचे वर्तुळ शाईने रंगवायला मिळून बहात्तर सेकंद. आणि एकदा रंगवलेले वर्तुळ खोडता येत नाही, अशी ताकीद त्याला आधीच मिळालेली असते. हा एका दिवसाचाच मामला असता तर मी बोललो नसतो. पण त्या तीन तासांसाठी वर्षारंभापासून सकाळचे जादा तास, रविवारचे वर्ग, सराव प्रश्नपत्रिकांचे संच, दिवाळीच्या सुट्टीत सोडवून आणायचे कागद, अशी एक वेगळीच शाळा मूळ शाळेच्या पोटात उभी राहते, आणि तिच्यात ज्याचा निभाव लागत नाही त्या मुलाचे सकाळी पोट दुखू लागते. ते दुखणे खोटे नसते.

पुरस्कर्ता : ते खोटे नसते, हे मी मान्य करतो, परंतु त्याचे निदान आपण करता तेच आहे काय, याविषयी मला शंका आहे. ही परीक्षा चौथीला परत यावी असे म्हणणाऱ्यांत नगरांतील महत्त्वाकांक्षी पालकच होते असे आपण समजू नये. आपल्या जिल्हा परिषदेच्या खेड्यापाड्यांतील शाळा बहुतेक चौथीपर्यंतच्या आहेत. परीक्षा पाचवीला गेली तेव्हा त्या शाळांतील शिक्षकाच्या हातून ती निसटली, आणि जो गुरुजी घरची कामे बाजूला ठेवून, एक पैसाही न घेता, सकाळी सात वाजता चार मुलांना घेऊन बसत असे, त्याच्या त्या उद्योगाला विषयच उरला नाही. आता मूळ प्रश्नाकडे येतो. समाजात संधी थोड्या आणि मागणारे पुष्कळ, ही स्थिती परीक्षेने निर्माण केलेली नाही. ती परीक्षेच्या आधीपासून आहे. परीक्षा नसती तर त्या थोड्या संधी कोणाला मिळाल्या असत्या, याचा विचार करा. ज्याचा बाप सभापतीच्या ओळखीचा आहे त्याला, ज्याच्या आडनावाला दरवाजे आपोआप उघडतात त्याला, ज्याच्यासाठी कोणी शिफारसपत्र लिहून देईल त्याला. १९८६ मध्ये सुरू झालेली जवाहर नवोदय विद्यालये पाहा : साधारणपणे जिल्ह्याला एक, सहावीच्या वर्गात ऐंशी जागा, त्यांपैकी किमान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, राहणे-जेवणे-शिक्षण सारे विनामूल्य. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातील मूल या विद्यालयात पोहोचते ते पाचवीत असताना दिलेल्या एका प्रवेशपरीक्षेच्या बळावर. ती परीक्षा काढून घेतलीत तर त्या मुलाच्या हाती दुसरे कोणते साधन देणार? दडपण परीक्षेचे नाही, टंचाईचे आहे. आणि टंचाईच्या काळात रांग लावणे हा अन्याय नव्हे, वशिल्याच्या अन्यायावर तो निदान एक बंधारा आहे.

आक्षेपक : वशिल्याविषयी आपण म्हणता ते मी पूर्णपणे स्वीकारतो, आणि नवोदयाचे उदाहरण तर मला निरुत्तर करण्याइतके सबळ आहे. परंतु त्याच्याच आधाराने आपण शिष्यवृत्ती परीक्षेचे समर्थन करू पाहता, तेथे मला दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. नवोदयाच्या परीक्षेतून मुलाला शाळा मिळते. शिष्यवृत्ती परीक्षेतून काय मिळते? २०२३ मध्ये रक्कम वाढवली, तेव्हा धाकट्या इयत्तेसाठी वर्षाला पाच हजार आणि थोरल्या इयत्तेसाठी साडेसात हजार रुपये ठरले. त्यापूर्वी तर ती याहून पुष्कळच कमी होती. गरीब घराला ही रक्कम क्षुल्लक नाही, हे मी जाणतो. पण शहरांतील जे पालक या परीक्षेच्या खासगी वर्गासाठी याहून अधिक पैसे हौसेने मोजतात, ते पैशासाठी मोजत नसतात. त्यांना हवी असते गुणवत्ता यादी. राज्याची यादी, जिल्ह्याची यादी, तालुक्याची यादी. शाळेच्या फाटकावर यशस्वी मुलांच्या छायाचित्रांचा फलक, त्यावर गुण आणि क्रमांक. आणि येथे एक विसंगती आहे, तिच्यावर कोणी फारसे बोट ठेवत नाही. दहावीच्या शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी राज्य मंडळाने फार पूर्वीच बंद केली, कारण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ती स्पर्धा अनिष्ट आहे हे सर्वांना पटले. मग सोळाव्या वर्षी जे अनिष्ट ठरले ते दहाव्या वर्षी इष्ट कसे?

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फलकापेक्षाही अधिक बोचते. ज्यांची छायाचित्रे लागतात त्यांच्याविषयी आपण बोलतो; ज्यांना परीक्षेला बसवलेच नाही त्यांच्याविषयी कोण बोलणार? पुष्कळ शाळांतून वर्षाच्या प्रारंभीच 'बसवण्याजोगी' मुले वेगळी काढली जातात. उत्तम शिक्षकाचे उत्तम तास त्यांच्या वाट्याला जातात. उरलेली तीस मुले त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढे बसून हे पाहत असतात, आणि आपल्यावर वेळ खर्च करण्यात अर्थ नाही असे शाळेचे मत झाले आहे, हे त्यांना कोणी न सांगता कळते. ज्या परीक्षेला ते मूल बसलेच नाही त्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झालेले असते.

पुरस्कर्ता : या शेवटच्या मुद्द्याला माझ्यापाशी तयार उत्तर नाही, आणि ते आहे असा आव मी आणणार नाही. पण परीक्षा दूर केल्याने त्या तीस मुलांकडे लक्ष जाऊ लागते, हा जो गर्भितार्थ आपल्या बोलण्यात आहे, त्याची रुजुवात अनुभवाशी घालून पाहू; कारण तो प्रयोग आपल्या देशाने केलेला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कोणत्याही बालकास मागे ठेवण्याची मनाई केली, तिसाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मंडळाची परीक्षा घेऊ नये असे ठरवले, आणि परीक्षेच्या जागी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कल्पना उदात्त होती, याविषयी मला तिळमात्र संशय नाही. शिक्षकाने मुलाकडे रोज पाहावे, त्याला काय येते, काय येत नाही, त्याचा कल कशाकडे आहे, याच्या वर्णनात्मक नोंदी कराव्यात, आणि त्या नोंदींच्या आधारे त्याला पुढे न्यावे. प्रत्यक्षात काय झाले? वर्णनात्मक नोंदींचे छापील नमुने बाजारात मिळू लागले, आणि 'वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो' हे एकच वाक्य चाळीस मुलांच्या नावापुढे उतरवले गेले. नोंदवह्या भरल्या, दप्तर पूर्ण झाले, तपासणीत शेरा उत्तम मिळाला. आणि 'प्रथम' या संस्थेचा 'असर' अहवाल, जो २००५ पासून निघतो आहे, तो सांगत राहिला की ग्रामीण भारतातील पाचवीच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नाही. दडपण गेले असे आपण म्हणाल. दडपण गेले नव्हते, त्याचा हप्ता तहकूब झाला होता. आठ वर्षे ज्याला सारे ठीक आहे असे सांगितले, तो मुलगा नववीत येऊन कोसळला, आणि तोवर त्याचे वय काहीही दुरुस्त करण्यापलीकडे गेलेले होते. मुलाला भीती वाटू नये म्हणून त्याच्यापासून सत्य लपवून ठेवणे, हीही एक क्रूरता आहे. ती शांतपणे होते, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही.

आक्षेपक : आपण 'असर'चा दाखला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे, कारण माझा पक्ष मांडायला मला त्याहून चांगला आधार मिळाला नसता. ते सर्वेक्षण होते कसे, ते जरा पाहा. कार्यकर्ते खेड्यात जातात, काही घरे निवडतात, मुलाच्या घरीच त्याच्याशेजारी बसतात, आणि त्याच्यापुढे एक कागद धरतात : त्यावर काही अक्षरे, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा एक परिच्छेद, दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मूल जेथवर सहज वाचते तेथवर वाचते. घड्याळ लावलेले नसते. त्या मुलाचे नाव कोठे छापून येत नाही, त्याचा क्रमांक लागत नाही, शेजारच्या मुलाशी त्याची तुलना होत नाही. आणि एवढ्या साध्या, निरुपद्रवी रीतीने साऱ्या देशाच्या प्राथमिक शिक्षणाची कैफियत उघड्यावर येते. शिक्षणव्यवस्था कशी चालली आहे हे शासनाला जाणून घ्यायचे असेल, तर त्यासाठी एकाही मुलाची झोप उडवण्याचे कारण नाही, हे यावरून सिद्ध होत नाही काय?

उलट व्यवस्थेच्या हिशोबाचे ओझे ज्या ज्या ठिकाणी एकेका मुलाच्या गुणांवर टाकले गेले, तेथे काय झाले हा इतिहासही आपल्यापुढे आहे. इंग्लंडात १८६२ साली असा नियम निघाला की शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि गणित यांतील परीक्षेच्या निकालावर ठरावे. इन्स्पेक्टराने यायचे, मुलाला उभे करायचे, आणि जो विषय चुकला त्याचे पैसे कापायचे. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी स्वतः शाळा-तपासनीस होता, आणि या पद्धतीने शाळांतील शिकवणे यांत्रिक झाले असे तो आपल्या अहवालांतून पुनःपुन्हा सांगत राहिला. हीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी स्पष्ट सांगितले की निकालावर पैसे देण्याची ही रीत इतक्या गरीब आणि अज्ञ लोकसमाजाला मानवणारी नाही. अशा लोकांत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढायला कोणी शिक्षक धजणार नाही, कारण तिच्यावर त्याचे पोट भरणार नाही. अधिक जवळचा दाखला हवा असेल तर अमेरिकेतील अटलांटा शहराचा घ्या. तेथे शाळांचे भवितव्य मुलांच्या प्रमाणित चाचण्यांवर टांगलेले होते. २०११ मध्ये जॉर्जिया राज्याच्या चौकशीत ४४ शाळांत गैरप्रकार आढळले. शिक्षक आणि मुख्याध्यापक मिळून १७८ जणांचा त्यांत हात होता, आणि मुलांच्या उत्तरपत्रिकांतील चुकीची उत्तरे खोडून बरोबर करणे हा त्यांतील प्रमुख प्रकार होता. ते सारे जन्मतः अप्रामाणिक होते, असे मी मानत नाही. माप जेव्हा शिक्षा होते, तेव्हा मापणाराच माप वाकवतो.

पुरस्कर्ता : इतिहासाचे हे दाखले बिनतोड आहेत, आणि शाळेचे अनुदान किंवा शिक्षकाची बढती मुलाच्या गुणांना बांधू नये, हे मी आपल्यापेक्षाही आग्रहाने म्हणेन. २०१५ नंतर शाळा 'प्रगत' ठरवण्याची जी चढाओढ आपल्याकडे लागली, तिच्यातूनही हेच शिकायला मिळाले. पण 'असर'ची जी रीत आपण वाखाणलीत तिच्याविषयी एक प्रश्न विचारू द्या. वीस वर्षे हा अहवाल प्रसिद्ध होत आहे. वीस वर्षे आपण सर्वजण तो वाचून हळहळत आहोत. त्यातील आकडे सरकले ते फार थोडे. असे का व्हावे? माझ्या मते, ज्या ज्ञानाला नाव-गाव नाही त्याची दाद कोणी घेत नाही, हे त्याचे कारण आहे. ग्रामीण भारतातील निम्म्या मुलांना वाचता येत नाही, हे सचिवालयाला कळले. परंतु निम्म्यांत आपली मुलगी आहे, हे त्या मुलीच्या आईला कोण सांगणार? ती स्वतः शिकलेली नाही. मुलीची वही तिला वाचता येत नाही, पुस्तक वाचता येत नाही, शिक्षकाला प्रश्न विचारण्याइतका धीर तिच्यापाशी नाही. विचारला तर 'चांगली आहे पोरगी' असे उत्तर मिळते आणि ती समाधानाने घरी येते. शाळेच्या साऱ्या व्यवहारात तिला वाचता येईल अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे गुणांचा आकडा. तो बाहेरच्या, तिऱ्हाईत परीक्षकाने दिलेला असेल तर त्याच्या बळावर ती शाळेत जाऊन विचारू शकते की वर्षभर माझी मुलगी रोज आली, मग हे असे का? आपण मुलाच्या रक्षणासाठी तो आकडा नाहीसा करू पाहता, आणि नकळत त्या आईच्या हातचे एकुलते एक शस्त्र काढून घेता. शिकलेल्या घराला आकड्याची गरज नसते. मुलाला किती येते ते त्या घरातील बापाला रात्रीच्या जेवणाच्या वेळीच समजते. परीक्षा नकोशा वाटण्याची चैन त्याच्याच घराला परवडते.

आक्षेपक : आपण या आईला माझ्यापुढे उभे केलेत, आणि तिच्याकडे पाठ फिरवून मला बोलता येणार नाही. म्हणून तिच्याच बाजूने विचारतो. तिच्या हाती आपण जो आकडा देता, तो तिला काय सांगतो? तीनशेपैकी एकशे बारा. याचा अर्थ मुलीला जोडाक्षरे वाचता येत नाहीत, की हातच्याची वजाबाकी जमत नाही, की सारे येते पण बहात्तर सेकंदांत येत नाही? यांपैकी काहीही त्या आकड्यातून निघत नाही. त्यातून एकच निघते : अमक्याच्या मुलीला दोनशे चाळीस मिळाले आणि हिला एकशे बारा. ती आई शाळेत जाऊन जाब विचारील, अशी आपली आशा आहे. शंभरांतील एखादी जाईलही. उरलेल्या घरी येतील, आणि त्या आकड्याचा जाब मुलीला विचारतील. आणि मुलगी तो स्वतःला विचारील. १९९३ साली यशपाल समितीने शालेय ओझ्याचा विचार केला, तेव्हा दप्तराच्या वजनाहून अधिक जड असे दुसरे एक ओझे तिने दाखवून दिले : न समजण्याचे ओझे. जे समजलेले नाही त्याच्या चाचण्या वाढवल्याने हे ओझे कमी होत नाही, त्यावर अपमानाची भर तेवढी पडते. मोठ्या माणसाला 'मला हे येत नाही' आणि 'मी कमी प्रतीचा आहे' या दोन विधानांत अंतर ठेवता येते, तेही प्रयासाने. नवव्या वर्षी ते अंतर मनात तयारच झालेले नसते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणातून बक्षीस आणि शिक्षा या दोहोंना एकाच वेळी हद्दपार केले, ते भाबडेपणाने नव्हे. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसह त्यांनी आदिवासी मुलांत आयुष्य घातले, त्या मुलांची परिस्थिती त्यांच्याहून अधिक जवळून कोणी पाहिली होती? मुलीला नेमके काय येत नाही हे तिच्या शिक्षिकेला पाच मिनिटांत सांगता येते. ते तिने आईला, आईच्या भाषेत, समोर बसवून सांगावे, यासाठी राज्याच्या परीक्षेचे काय प्रयोजन?

पुरस्कर्ता : शिक्षिकेला सांगता येते, हे खरे, ती सांगेल, हे आपण गृहीत धरता. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षिकेपुढे दोन किंवा तीन इयत्ता एकाच वेळी बसलेल्या असतात. जनगणना, मतदारयाद्या, निवडणुका, माहितीचे रकाने भरणे, या कामांचे हुकूम तिच्यावर वेगळे असतात. पण वेळेचा प्रश्न मी गौण समजतो. शिक्षकाची दृष्टी हा खरा प्रश्न आहे, आणि तो आपण टाळून चालणार नाही. कोणत्या वस्तीवरून आलेल्या मुलाकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा एक अलिखित जाबता आपल्या समाजाच्या मनात शेकडो वर्षे आहे, आणि शिक्षकही त्याच समाजातून येतो. 'या पोरांना एवढे पुरे', हे वाक्य किती शाळांतून सहानुभूतीच्या सुरात उच्चारले जात असेल! उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला वस्ती कळत नाही, जात कळत नाही, अंगावरच्या गणवेशाचे ठिगळ दिसत नाही. गावाने ज्याला कधी मोजले नाही अशा मुलाचे नाव निकालात आले, आणि त्या दिवसापासून शिक्षकाची, शेजाऱ्यांची, त्याची स्वतःचीही दृष्टी बदलली, अशा हकिकती महाराष्ट्राच्या गावोगावी आहेत. पहिल्या पिढीतील शिकलेल्या कितीतरी माणसांच्या आयुष्याची दिशा तेथे ठरली. आपण ज्या आकड्याला अपमान म्हणता, तो आकडा काही मुलांना आयुष्यात मिळालेला पहिला सन्मान होता. ताराबाईंच्या कार्यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांच्या पद्धतीला ताराबाई आणि अनुताई लागतात, आणि शासनाला लाखभर शाळा चालवायच्या आहेत.

आक्षेपक : तो सन्मान ज्यांना मिळाला ते बोलायला, लिहायला, आत्मवृत्त सांगायला उरले, ज्यांना मिळाला नाही त्यांची आत्मवृत्ते कोणी लिहिली नाहीत. आपण आकड्याच्या नि:पक्षपातीपणावर फार भिस्त ठेवता. इंग्लंडनेही ठेवली होती. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तेथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी होऊ लागली : थोडी विद्याभ्यासी शाळांत, बहुसंख्य साध्या शाळांत. हेतू आपलाच होता, गरिबाच्या घरचे बुद्धिमान मूल हुडकून वर आणावे. परंतु घरी पुस्तके आणि शांतता असलेलीच मुले अधिक प्रमाणात वर गेली, आणि अकराव्या वर्षी खाली गेलेल्यांवर ती खूण पुढे कायम राहिली. अखेर १९६५ मध्ये सरकारने स्थानिक अधिकाऱ्यांना ही वाटणी सोडून सर्वांसाठी एकच शाळा करण्याची विनंती केली. आपल्याकडे तर परीक्षा एक इयत्ता खाली येताच तिची तयारी दोन इयत्ता खाली जाते. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी खासगी सराव-परीक्षा आजच भरतात, त्यांची पदके आणि प्रमाणपत्रे वाटली जातात. सहा वर्षांचे मूल वर्तुळ रंगवण्याचा सराव करते. त्यातच २०२३ च्या नियमांनी पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आल्या. पुनर्परीक्षेतही जो उत्तीर्ण होणार नाही त्याला मागे ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे चौथीत मानाची परीक्षा आणि पाचवीत नापाशीची, यांमध्ये बाल्याचे एकही वर्ष मोकळे राहिले नाही. माझे मागणे इतकेच आहे : शासनाला आपली शाळा कशी चालली हे मोजायचे असेल तर नमुना घेऊन, नावे न घेता मोजावे, मुलाला काय येते हे आईला शब्दांत सांगावे, आणि ज्या परीक्षेत क्रमांक लागतो ती अकरा-बारा वर्षांच्या आत घेऊ नये.

पुरस्कर्ता : पहिल्या दोन मागण्या मला मान्य आहेत, शब्दांत सांगण्याबरोबर आकडाही द्यावा, एवढी भर मी त्यांत घालीन. पाचवीतील मुलाला मागे ठेवणे मलाही पसंत नाही; शाळेने जे वर्षभरात शिकवले नाही त्याची वसुली मुलाच्या आयुष्यातील एका वर्षातून करणे, याला न्याय म्हणता येत नाही. पण वयाच्या अटीपाशी माझे पाऊल अडते. बाराव्या वर्षापर्यंत थांबा असे आपण म्हणता, तेव्हा त्या तीन वर्षांत दोन घरांतील अंतर जागच्या जागी राहत नाही, हे आपल्या विचारात येत नाही. शहरातील मुलाच्या पाठीशी तीन वर्षांचे जादा वर्ग जमा होतात. खेड्यातील मुलगी त्या तीन वर्षांत धाकट्या भावंडाला सांभाळू लागते, आईबरोबर कामाला जाऊ लागते, चौथीनंतर शाळा गावाबाहेर गेली तर कदाचित शाळेतूनच नाहीशी होते. तिला हुडकायचे असेल तर ती अजून वर्गात बसलेली आहे तोवरच हुडकले पाहिजे. आपण बाल्य वाचवण्यासाठी थांबा म्हणता. तिच्यासाठी थांबणे म्हणजे गमावणे आहे.

आक्षेपक : आणि तिला हुडकताना तिच्या शेजारी बसलेल्या तीस मुलींचे काय होते, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

पुरस्कर्ता : राहतो. त्याला उत्तर दिल्याचा बहाणा मी करणार नाही. एका जिल्ह्यात ऐंशीच चांगल्या जागा आहेत तोवर ते उत्तर कोणत्याही परीक्षेच्या नियमांतून निघणार नाही, ते शाळांच्या संख्येतून आणि शिक्षकांच्या संख्येतून निघेल, आणि त्याला पैसा आणि वर्षे लागतील. वयाविषयीचा आपला वाद त्या दिवसापर्यंत मिटेल असेही मला दिसत नाही. पण एका गोष्टीला ना पैसा लागतो, ना वर्षे, आणि तिच्याविषयी आता आपणा दोघांत मतभेद उरलेला नाही. शिष्यवृत्ती ठेवावी, गुणपत्रक पालकाच्या हाती द्यावे, आणि दहा वर्षांच्या मुलांची गुणवत्ता यादी प्रसिद्ध करणे बंद करावे. राज्याचीही, जिल्ह्याचीही, तालुक्याचीही. शाळांनीही फाटकावरचे फलक उतरवावेत. दहावीच्या मुलांसाठी जे पूर्वीच झाले ते चौथीच्या मुलांसाठी व्हायला शासनाचा एक आदेश पुरेसा आहे, आणि तो पुढचा निकाल लागण्यापूर्वी निघाला पाहिजे.